उद्योगाने उत्सवात मान मागावा



कडेगावात उत्सवाविषयी बोलायचे झाले तर आरंभ ताबुतांपासूनच करावा लागतो. कळकाच्या कामट्या, सूत, चिकणमाती आणि रंगीत कागद एवढ्या साहित्यातून शंभर फुटांच्या वर जाणारे हे ताबूत पाहण्यासाठी मोहरमला दूरदूरच्या गावांहून माणसे येतात. बकरी ईद झाली की बांधणीला हात लागतो. जगात सर्वत्र पाया आधी आणि कळस शेवटी; कडेगावात मात्र कळस आधी आणि पाया शेवटी. वरचा भाग तयार झाला की तो उचलायचा आणि त्याच्याखाली पुढचा मजला जोडायचा, अशी ही उलटी चाल. ही विद्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात नाही. ती हातांतून हातांत आली आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली.

चौदा ताबुतांपैकी निम्मे हिंदू घराण्यांचे आहेत. पाटील, देशपांडे यांचे ताबूत हकीम, अत्तार, बागवान यांच्या ताबुतांच्या बरोबरीने निघतात आणि त्यांच्या भेटी होतात. गावात एक कथा सांगतात. येथील देशपांडे ताबूत पाहायला कऱ्हाडला गेले होते. तेथे त्यांना योग्य तो मान मिळाला नाही. ते परतले ते कऱ्हाडाहून उंच ताबूत आपल्याच गावात उभे करण्याचा निश्चय करूनच. कथेचा बारीकसारीक तपशील इतिहास-संशोधकांनी तपासावा. पण गावाने दीड शतक ती जपली आहे, याला अर्थ आहे. एवढ्या मोठ्या उत्सवाचे मूळ गावाने पैशात शोधले नाही, नवसात शोधले नाही, मानात शोधले.

‘मान’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. आपल्या गावगाड्यात मान म्हणजे केवळ सत्कार नव्हे. जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा, निशाण कोणाच्या घरून निघायचे, दिवटीला तेल कोणी घालायचे, ढोल कोणी वाजवायचा, हे सारे मान. ज्याचा मान, त्याने पहाटे उठून ते काम करायचे. त्या दिवशी घरी दुखणे असले तरी भावाला धाडायचे, पण मान चुकवायचा नाही. हक्क आणि काम या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात बसवणारी ही व्यवस्था. या जुन्या मानपानात भेदही होते, काही बांधवांना पायरीखाली उभे ठेवणारी रीतही होती, हे विसरता येणार नाही. ती रीत मोडली आणि जेथे उरली असेल तेथे मोडलीच पाहिजे. पण भेद काढून टाकले तरी मूळ कल्पना उरते ती मोलाची: उत्सवात ज्याचे काम आहे तो गावाचा, ज्याचे काम नाही तो प्रेक्षक.

आता आजचा प्रश्न. या गावगाड्यात कारखान्याला, सूतगिरणीला, पतसंस्थेला, मोटारीच्या दालनाला कोणता मान आहे?

प्रश्न अवघड आहे, कारण गावच बदलले. कडेगाव तालुका वेगळा झाला तो २००२ मध्ये. कृष्णेचे पाणी टेंभूहून उचलून या अवर्षणग्रस्त पट्ट्यात आणणारी उपसा सिंचन योजना १९९६ मध्ये सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने पाणी शिवारात आले. वांगीला सोनहिरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्या माळावर कुसळे उगवत तेथे ऊस आला, उसापाठोपाठ पतपुरवठा आला, दुकाने आली, यंत्रमाग आणि कुक्कुटपालन आले. मालक पूर्वी गल्लीतला असे, आता तो कधी सांगलीत, कधी पुण्यात असतो. व्यवस्थापक तीन वर्षांसाठी येतो आणि बदली होऊन जातो. अशा व्यवस्थापकापुढे उत्सव उभा राहतो तो एकाच रूपात: पावतीपुस्तक घेऊन आलेले चार तरुण. तोही एकाच रूपात उत्तर देतो. एक रक्कम देतो आणि त्या बदल्यात चौकात कंपनीच्या नावाचा मोठा फ्लेक्स लावून घेतो. देवापेक्षा किंवा ताबुतापेक्षा वर लावलेला हा फलक कोणाला मान देत नाही आणि कोणाकडून मान मिळवतही नाही.

उद्योगाला याहून वेगळे वागता येते, याचा दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. कडेगावहून तासाभराच्या आत किर्लोस्करवाडी आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये कारखाना उभा राहिला. माल कोणता, तर लोखंडी नांगर आणि कडबा कापायचे यंत्र. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत, त्यामुळे पहिले काही नांगर खपायलाच दोन वर्षे गेली. म्हणजे या उद्योगासमोरचा पहिला प्रश्न भांडवलाचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. शेतकऱ्याच्या मनातल्या विश्वासाचा होता. आणि ज्याच्या वर्षाचा मोठा सण आषाढातला बेंदूर, जो त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही, त्या माणसाच्या मनात त्याच्या सणावाराची जाण ठेवल्याशिवाय शिरता येत नाही.

लक्ष्मणरावांनी कारखान्याबरोबर गाव वसवले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी राखणीचे काम दिले. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही. गणेशोत्सवात कामगार आणि अधिकारी एकाच रंगमंचावर उभे राहिले. १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक काढले. हेतू साधा: कारखान्याची वार्ता कामगारांपर्यंत आणि गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी. पण त्या पत्रकाचे मासिक झाले, ‘खबर’ हा शब्द गळून नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध मराठी घरांत गेले ते याच ‘किर्लोस्कर’मधून. नांगर आणि पंप करणाऱ्या कारखान्याने मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यातली जागा मिळवली, ती जाहिरातीने नव्हे. आजच्या भाषेत याला ‘ब्रँड’ म्हणतात आणि त्यासाठी मुंबईच्या संस्थांना मोठे शुल्क देतात!

मात्र येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हे बोलणे एकांगी होईल. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत याच किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. ज्या परिसराला रोजगार दिला, शिक्षण दिले, नाटक दिले, त्याच परिसरात ते घडले. तेव्हा उत्सवात भाग घेतला की उद्योग सुरक्षित झाला, असे गणित कोणी मांडू नये. उत्सव म्हणजे विम्याचा हप्ता नव्हे. वैर पेटले की उपकार आठवत नाहीत, हा मानवी स्वभाव आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी: कारखाना पुन्हा उभा राहिला, त्याच जागी उभा राहिला आणि आजही त्याच माळावर पंप घडतात. जळलेल्या कारखान्याचा मालक वाडी सोडून मुंबईला गेला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. तो गेला नाही, कारण वाडी ही त्याच्या हिशेबात ‘साइट’ नव्हती, गाव होते.

भिलवडीचे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. १९३९ मध्ये भास्कर गणेश चितळे यांनी कृष्णाकाठच्या या गावात दुग्धव्यवसाय सुरू केला. दुधाला सणाची सुट्टी नसते. पाडवा असो की पोर्णिमा, म्हैस सकाळ-संध्याकाळ दूध देणारच आणि ते उचलावेच लागणार. मग अशा धंद्याने उत्सवात काय करायचे? त्याचे उत्तर पंचांगातच आहे. वसुबारस हा गाय-वासराचा दिवस, बेंदूर हा बैलाचा दिवस. दूध घालणाऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात हे दिवस आजही पाळले जातात. दूध संकलन केंद्राने त्या दिवशी गोठ्यापर्यंत पशुवैद्य पाठवला, ओवाळणीच्या ताटाशेजारी लसीची पेटी ठेवली, तर तो त्या केंद्राचा मान झाला. प्रत्येक धंद्याचा एक सण असतो. तो ओळखता आला पाहिजे. सावकारी पेढीची वही दिवाळीत पुजली जाते, लोहाराची भट्टी आणि कारखान्याचे यंत्र खंडेनवमीला. त्या दिवशी यंत्रावर चढलेला झेंडूचा हार ‘मॅनेजमेंट’च्या परिपत्रकाने चढत नाही, यंत्र चालवणारा हात तो चढवतो. भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो, त्यामागेही हाच विचार: श्रम आणि पूजा यांत भिंत नाही.

जाता जाता, याच तालुक्यातील मोहित्यांच्या वडगावची गंमत. या गावाने २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद, मुले अभ्यासाला. भोंगा ही मुळात गिरणीची वस्तू. गावाने कारखान्याची एक रीत उचलली आणि आपल्या देवळावर बसवली. गाव जर कारखान्याकडून शिकायला कचरत नसेल तर कारखान्याने गावाकडून शिकायला का कचरावे?

व्यापारी बंधूंची तक्रार असते, आणि ती खरी आहे, की उत्सव म्हणजे वर्गणीची सक्ती. पाच मंडळे येतात, पाचही मोठा आकडा सांगतात, पैसा कानठळ्या बसवणाऱ्या ध्वनियंत्रणेत जातो आणि हिशेब कोणी देत नाही. वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, हे किती मंडळांना ठाऊक असते? दुकानदाराने ती परवानगी विचारण्यात काहीही गैर नाही. पण तक्रार करणाऱ्यांनी स्वतःलाही एक गोष्ट विचारावी. ध्वनियंत्रणा भाड्याने आली ती कोणाच्या पैशाने? फलकावर नाव कोणाचे होते? उत्सव बिघडवण्यात व्यापारी-उद्योजकांच्या पैशाचा वाटा मोठा आहे, कारण तो पैसा कामाला न जाता नावाला गेला. रोख रकमेऐवजी वस्तू द्यावी, कारागिराची मजुरी थेट कारागिराला द्यावी, मिरवणुकीच्या वाटेवर पाणी आणि प्रथमोपचार यांची जबाबदारी उचलावी; पावतीपुस्तकाचा निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

गंमत अशी की हा भेद आता कायद्यानेही ओळखला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पुरा करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. त्या कामांच्या यादीत राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचे जतन तसेच पारंपरिक कला व हस्तकला यांचे संवर्धन स्पष्टपणे घातलेले आहे. ताबुताची बांधणी या व्याख्येत न बसण्याचे कारण दिसत नाही. पण २०२१ च्या सुधारित नियमांनी हेही सांगितले की आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरले जाणार नाही. गावातील म्हातारी माणसे जे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली, ते दिल्लीच्या राजपत्रात छापून आले: नावासाठी दिलेले दान नव्हे. अर्थात सहकारी साखर कारखाने आणि छोट्या पेढ्या या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना तर कोणी अडवलेलेच नाही.

पैशापेक्षा महत्त्वाची गोष्ट दिवस ही आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात पगारी सुट्ट्या आठ. त्यांतील चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी मिळून ठरवायच्या. या चार दिवसांत सारे स्वातंत्र्य आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते वाया जाते. मुंबईच्या कार्यालयातून यादी येते आणि भिंतीवर लागते. कडेगावच्या दुकानाच्या यादीत ताबुतांच्या भेटींचा दिवस नसेल, कडेपूरच्या आस्थापनेच्या यादीत डोंगराईच्या यात्रेचा दिवस नसेल, तर ती यादी कोणत्या गावाची? त्या दिवशी कामगार येत नाही, हे व्यवस्थापकाला पक्के ठाऊक असते. तो गैरहजेरी मांडतो, पगार कापतो, आणि संध्याकाळी यंत्र अर्धेच चालले म्हणून चडफडतो. तोच दिवस आधी ठरवून सुट्टीचा केला, यंत्राची वार्षिक दुरुस्ती त्याला जोडून घेतली, तर हानी कोणाची झाली?

कोणाला वाटेल, ही ग्रामीण भागातली भाबडी गोष्ट झाली; आधुनिक अर्थव्यवस्थेत असे चालत नाही. म्हणून जपानच्या क्योतो शहराकडे पाहावे. तेथे जुलै महिन्यात गिओन उत्सव होतो. त्याचे मूळ इसवी सन ८६९ मधल्या रोगराईच्या शांतीत आहे. त्यात निघणारे काही रथ सुमारे २५ मीटर उंच आणि दहा-बारा टन वजनाचे असतात. त्यांचा सांगाडा खिळा न ठोकता दोरांनी बांधतात. कडेगावकराला हे वाचून परके वाटणार नाही. हे रथ ज्या पेठांचे, त्या रेशीम आणि किमोनोच्या व्यापाऱ्यांच्या. काळ बदलला, पेठांतली घरे गेली, कार्यालये आणि उंच इमारती आल्या, राहणारे कुटुंब उरले नाही. तेव्हा त्या पेठेत ज्यांची कार्यालये आहेत त्यांनीही रथाचे दोर हाती घेतले. जागा घेतली म्हणून जागेबरोबर तिचा मानही घेतला. जगातील अतिप्रगत म्हणवणाऱ्या देशाला यात मागासलेपण वाटले नाही.

आणि जपान कशाला? खानापूर, आटपाडी, कडेगाव या भागांतील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याचा धंदा घेऊन केरळ-तमिळनाडूपासून बंगाल-आसामपर्यंत पसरले आहेत. परक्या भाषेच्या गावात, सराफ कट्ट्याच्या बोळात भट्टी पेटवून ते राहतात. सराफ त्यांच्या हाती सोने सोपवतो ते कशाच्या भरवशावर? माणूस कोणत्या गावचा, कोणाचा, आणि त्याच्याआधी त्या गावच्या माणसाने सोने कसे परत केले, याच्या. गावाची पत हेच त्यांचे भांडवल. म्हणून जत्रेला ते हजार मैलांवरून येतात. विट्यात विजयादशमीला रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत निघते, तेव्हा गर्दीत दक्षिणेकडील गाड्यांचे क्रमांक दिसतात. या मंडळींनी व्यवस्थापनशास्त्र वाचलेले नसेल, पण उत्सवाला न आलेल्या माणसाची चौकशी होते आणि चौकशी झाली की पत डळमळते, हे त्यांना बरोबर कळते. आणि जेथे गेले तेथेही त्यांनी गणेशोत्सव, शिवजयंती मांडली. तेथील लोकांच्या सणात तेही मिसळले.

यातूनच एक कर्तव्य निघते, जे सहसा कोणी बोलत नाही. दसरा झाला की बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात आणि दिवाळी, संक्रांत, महाशिवरात्र हे सारे सण सोनहिरा, कृष्णा, क्रांती अशा कारखान्यांच्या परिसरात, उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत काढतात. यंत्रमागावर आणि बांधकामावर उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आहेत. त्यांची छठ येथेच येते. स्थानिक संस्कृतीचा आदर म्हणजे फक्त आपल्या जत्रेला देणगी, असा अर्थ घेतला तर हे लोक कोठे बसतात? गलाईवाल्याला कोईमतूरने जे दिले ते कडेगावने कोपीतल्या कुटुंबाला द्यायला हवे. फडातल्या मुलांसाठी दिवाळीचे दोन दिवस, संक्रांतीला तिळगूळ वाटताना तोडणीवाल्या भगिनींना हळदीकुंकवाचे बोलावणे. यासाठी संचालक मंडळाचा ठराव लागत नाही, चिटबॉयने मनावर घेतले तरी पुरते.

आता कडेगावच्या उद्योजकांपुढे एक व्यवहाराचे काम आहे. मोहरम चांद्र वर्षाने येतो, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२४ मध्ये आशुरा १७ जुलैला होता, २०२५ मध्ये ६ जुलैला. या दिवसांत कारखान्यांचा गळीत हंगाम बंद असतो, माणसे मोकळी असतात, म्हणून कोणाला अडचण भासत नाही. पण २०३५-३६ च्या सुमारास ताबुतांचे दिवस मार्च महिन्यात, म्हणजे हंगामाच्या ऐन अखेरीस येतील आणि पुढे काही वर्षे डिसेंबर-जानेवारीच्या भर गाळपात. तीन पाळ्यांत चालणारा कारखाना बंद ठेवता येणार नाही आणि शंभर फुटी ताबूत उचलायला लागणारे शेकडो हात त्याच पाळ्यांतले असतील. कोणत्या पाळीतले कोण सुटणार, त्यांच्या जागी कोण उभे राहणार, वाहतुकीच्या गाड्या त्या दिवशी कोणत्या रस्त्याने वळवायच्या, याचे वेळापत्रक ताबुतांच्या मानकऱ्यांबरोबर बसून करावे लागेल. त्या बैठकीचे बोलावणे कारखान्याने आधी धाडावे.